साडेनऊ इंच

दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा शनिवारची सकाळ होती, सात वाजून दहा मिनिटं. शिरगावातल्या आमच्या घराच्या गॅलरीत मी कुंड्यांना पाणी घालत होतो. फोनवर रेखावहिनींचं नाव दिसलं आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की शेवटी याने बायकोला पुढे केलं. लिहिताना लाज वाटते, पण तसंच झालं. आमच्या दोघांचं वीस दिवस बोलणं बंद होतं. वहिनींशी नीट बोलायचं, मात्र ट्रेलरचा विषय निघाला तर आपलं म्हणणं सोडायचं नाही, एवढं ठरवून मी फोन कानाला लावला. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, हे गेले. चहा ठेवायला उठले होते, ओट्याजवळच बसले.” पुढचं मला नीट आठवत नाही. पाण्याचा मग कुंडीतच उपडा राहिला होता, तो बायकोने संध्याकाळी उचलला.

याला आता सात आठवडे झाले. या सात आठवड्यांत मी एका जागी तासभर बसलेलो नाही. जेवताना उठतो, खिडकीपाशी जातो, परत येतो. कपाटाची खोली मोजतो, दाराची रुंदी मोजतो. बायको विचारते, “आता कपाट कुठे हलवायचंय?” हा लेखही मी तीन वेळा सुरू करून सोडला.

दिगंबरची आणि माझी ओळख तीस वर्षांची. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आम्ही एकाच वर्षी लागलो. तो फॅब्रिकेशनला, म्हणजे कापणं, वाकवणं, वेल्डिंग करणं. मी तपासणीला. पहिल्याच आठवड्यात त्याच्या तीस ब्रॅकेटपैकी बारा मी परत पाठवले. तो ते बारा हातात घेऊन माझ्या टेबलाशी आला आणि शांतपणे म्हणाला, “तुझी पट्टी उन्हात ठेवली होतीस काय?” पट्टी बरोबर होती. त्याने संध्याकाळपर्यंत बारा नवे करून दिले आणि वर तेरावा ठेवला, केसभरही इकडेतिकडे नसलेला. त्यावर खडूने लिहिलं होतं ‘मापारी’. त्याच्या मोरिवली गावात पूर्वी खळ्यावर भात मोजून देणाऱ्या माणसाला मापारी म्हणत. तेव्हापासून मला त्याने कधी नावाने हाक मारली नाही. माझ्या लग्नात, आहेर देतानाही, “घे रे मापारी, मोजून घे,” असंच म्हणाला होता.

पुढे त्याने नोकरी सोडली आणि मोरिवलीत घरामागच्या जागेवर पत्र्याची शेड टाकली. खिडक्यांच्या जाळ्या, जिने, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड अशी कामं करायचा. शेडच्या मागे एका बंद पडलेल्या कारखान्याचं मोठं आवार आहे. त्याच्या मालकाशी ओळख असल्यामुळे मागचं फाटक उघडून तिथे सामान ठेवायची त्याला मुभा होती. लहानपणी तो गावाजवळच्या ज्या पाण्यात पोहायला शिकला, तिथे आता कारखान्यांच्या सांडपाण्यामुळे कोणी पाय बुडवत नाही. हे तो दुःखाने सांगायचा नाही, माहिती दिल्यासारखं सांगायचा. पण पाणी त्याच्या डोक्यातून गेलेलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी एक रिसॉर्ट बंद होताना तिथल्या चार जुन्या कयाक त्याने घेतल्या. कयाक म्हणजे एकट्याने वल्हवायची लांबट, अरुंद होडी. या प्लास्टिकच्या होत्या, पिवळ्या, प्रत्येकी अकरा फूट लांब, चोवीस किलो वजनाच्या. त्या भिंतीला टेकवून ठेवल्या तेव्हा शेजारच्या आजी बराच वेळ बघून म्हणाल्या, “टाकी उभी कापलीस का रे दिगंबर?”

त्याच्या मनात होतं ते असं: दर रविवारी होड्या बदलापूरला उल्हास नदीवर न्यायच्या, आपल्या वयाच्या लोकांना पाण्यावर बसवायचं. आयुष्यभर मशीनपुढे उभं राहून ज्यांचे गुडघे गेलेत त्यांना. अडचण नेण्याची होती. दर वेळी टेम्पो करणं जमणारं नव्हतं आणि त्याच्या जुन्या जीपच्या टपावर एकावेळी दोनच होड्या मावत, त्याही चढवताना कंबर मोडायची. म्हणून जीपमागे ओढता येईल असा दोन चाकी ट्रेलर, आणि त्यावर चार होड्यांचं रॅक, घरीच बनवायचं ठरलं. त्याने मला बोलावलं. “रविवारी रिकामा असतोस ना? ये वही घेऊन.”

चौदा रविवार आम्ही त्यावर घालवले. धुरा, म्हणजे दोन चाकांना जोडणारा आस, आणि चाकं भंगारात निघालेल्या तीनचाकी टेम्पोची, सांगाडा चौकोनी पाइपांचा. मी आधी कागदावर आराखडा काढला होता, त्यात रॅकचा वरचा दांडा जमिनीपासून साडेचार फुटांवर होता. दिगंबरने कागद बघितला, घडी करून खिशात ठेवला आणि घराकडे तोंड करून हाक मारली, “रेखा, जरा ये.” वहिनी कणकेच्या हातांनी आल्या. त्याने त्यांना पाइपाशेजारी उभं केलं, खांद्याच्या रेषेवर खडूने खूण केली आणि म्हणाला, “हिला एकटीला होडी चढवता आली पाहिजे. आपण मेल्यावर कोण येणार चढवायला?” वहिनी म्हणाल्या, “मला पोहता येत नाही आणि मी होडी चढवू?” खूण चार फूट दोन इंचांवर आली. दांडा तिथेच बसला. माझ्या आराखड्यातले चार इंच गेले याची मला आठवडाभर टोचणी होती, आणि तो हे ओळखून होता.

एक घोटाळा मात्र सर्वस्वी माझा. होड्या दांड्यांवर घासू नयेत म्हणून दांड्यांना मऊ काहीतरी गुंडाळायला हवं होतं. मी सुचवलं, उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यांत कापून उरलेल्या पट्ट्या मिळतात, जाड आणि मजबूत. आम्ही शेअर रिक्षाने गेलो. गोणी तोलून देताना सिंधी दुकानदार म्हणाला, “साईं, कतरन का क्या करोगे? गोधडी बनाओगे?” दिगंबर म्हणाला, “नाव के लिए.” दुकानदाराने एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आणखी काही विचारलं नाही. पट्टी किती ओढ सहन करते हे मी काटा लावून पाहिलं होतं. भिजवून पाहिलं नव्हतं. कोरं, न धुतलेलं कापड ते... शेडच्या गळक्या पत्र्याखाली एक रात्र भिजलं आणि सकाळी चारही होड्यांवर निळा रंग उतरला होता. पिवळ्यावर निळा, म्हणजे हिरवट पट्टे, प्रत्येक होडीवर दोन. आम्ही साबणाने घासलं, रॉकेलने घासलं. गेलं नाही. दिगंबर एवढंच म्हणाला, “बरं झालं. दांडा कुठे यायला हवा ते आता कोणाला विचारायला नको.”

आणि मग तो रविवार. ट्रेलर पुरा झाला होता, रंगही वाळला होता. मी घरून वजनाचा काटा नेला होता, आपण उभे राहतो तसा साधा. ट्रेलरच्या बाबतीत एक गोष्ट फार महत्त्वाची असते. त्याचा पुढचा दांडा गाडीच्या हुकावर थोडा दाबून बसावा लागतो, एकूण वजनाच्या साधारण दहावा हिस्सा. दाब कमी पडला तर ट्रेलर मागे शेपटीसारखा हलायला लागतो, आणि वेग वाढला की गाडीलाही फिरवतो. आमचं एकूण वजन होतं दोनशे चौदा किलो. दांड्याखाली काटा ठेवला तर त्यावर आले सात. मी वहीत गणित केलं. धुरा सात इंच मागे न्यायला हवा होता.

“सात किलो येतंय,” मी म्हणालो. “एकवीस हवं.”

“कुठे हवं? तुझ्या वहीत?”

“रस्त्यावर.”

“रस्ता कधी बघितलास तू? कागदावर गाडी चालवतोस, मापारी. कागदाला ना चढ ना खड्डा.” धुरा ज्या पाट्यांना, म्हणजे स्प्रिंगांना, जोडलेला असतो त्यांची वेल्डिंग पक्की होऊन, घासून, वर दोन हात रंग झाला होता. ते सगळं कापून पुन्हा जोडायचं होतं, आणि त्याआधी तीन बदल माझ्याच सांगण्यावरून झाले होते. त्याचा वैताग मला समजायला हवा होता. पण मी वही मिटली आणि म्हणालो, “हा माल मी पास करत नाही.”

एकत्र नोकरी होती तेव्हा हे वाक्य मी त्याला कारखान्यात शंभरदा ऐकवलं असेल. त्या दिवशी त्याने हातातला पाना पुसून खिळ्याला अडकवला. म्हणाला, “मी तुला माल तपासायला दिला नव्हता. सोबतीला बोलावलं होतं.”

मी काटा उचलून घरी आलो.

पुढचे वीस दिवस मी काय केलं ते सांगण्यासारखं नाही. फोनवर मजकूर लिहायचो आणि पुसायचो. एकदा रिक्षाने मोरिवलीच्या वळणापर्यंत गेलो आणि उतरून, रस्ता ओलांडून, परतीची रिक्षा पकडली. त्याचं चुकलंय याची मला खात्री होती, आणि खात्री असलेल्या माणसाने आपण होऊन का जावं, असं काहीतरी मनात होतं. शिवाय भीतीही होती. तो हट्टाने तसाच ट्रेलर घेऊन हमरस्त्यावर निघाला तर? पाठोपाठ स्वतःचाच राग यायचा, की काळजी वाटते तर फोन कर ना... मग तो शनिवार आला. स्मशानातून परतताना शेडवरून आलो. दार बंद होतं. फटीतून ट्रेलरचं एक चाक दिसलं. मी मान वळवून घेतली. त्या वस्तूवर मी नापासाचा शिक्का मारला होता आणि ती करणारा तो ऐकून गेला, यापलीकडे मला काही सुचत नव्हतं.

दोन आठवड्यांपूर्वी वहिनींचा फोन आला. कर्जतकडच्या एकाला होड्या आणि ट्रेलर दोन्ही हवे होते, त्याने मापं मागितली होती. “तुमच्याइतकी नीट मापं कोण घेणार? या ना एकदा.” रविवारी गेलो. त्यांनी शेड उघडून दिली आणि त्या घरात गेल्या. मी टेप काढला. लांबी, रुंदी, उंची लिहून घेतली. मग पुढच्या हुकापासून धुऱ्यापर्यंतचं अंतर. ते मला पाठ होतं, सात फूट दहा इंच. टेप म्हणत होता, आठ फूट साडेसात इंच.

टेपचं टोक घसरलं असेल म्हणून पुन्हा धरलं. मग दुसऱ्या बाजूने मोजलं. आठ फूट साडेसात. मी गोणपाट पसरून ट्रेलरखाली आडवा झालो. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, रंग नवा आणि एकसारखा होता. पण पाइपावरून बोट फिरवलं तर जुन्या जागी वेल्डिंग कापून घासल्याचा गुळगुळीत उतार लागला. त्याच्या बरोबर सात इंच मागे तसाच दुसरा. आणि पाटे आता त्याच्याही अडीच इंच मागे बसले होते. मी तिथेच पडून राहिलो. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या तेव्हा त्यांना फक्त माझे पाय दिसत होते.

“भाऊजी? बरं वाटतंय ना?”

मी बाहेर येऊन विचारलं, “वहिनी, हे कधी हलवलं?”

“म्हणजे? तुम्हाला माहीत नाही?” त्या खरोखर चकित झाल्या. “मला वाटलं फोनवर तरी बोलला असाल. पोरांसारखे रुसून बसला होतात होय?” मग स्टुलावर बसून त्यांनी सांगितलं. भांडणानंतरच्या शुक्रवारी, म्हणजे वसाहतीत सुट्टी असते आणि सगळीकडे शांत असतं त्या दिवशी, दिगंबरने मागच्या आवारात ट्रेलर काढला होता. “होड्या नाही लावल्या. रेतीच्या गोण्या बांधल्या, होड्यांच्याच वजनाच्या. भंगारवाल्याच्या काट्यावर तोलून आणल्या. आणि मला जीपमध्ये मागे तोंड करून बसवलं. म्हणाले, तू फक्त बघ, शेपूट हलली तर ओरड.”

“हलली?”

“अशी हलली की मी ओरडलेच नाही, डोळे मिटले. हे गाडी थांबवून उतरले, चाकापाशी जाऊन बसले. म्हणाले, मापाऱ्याचं खरं आहे. पण त्याला इतक्यात सांगायचं नाही.”

पुढच्या आठवड्यात त्याने पाटे कापले आणि माझ्या हिशोबाप्रमाणे सात इंच मागे जोडले. दुसऱ्या शुक्रवारी परत गोण्या, परत वहिनी मागे तोंड करून. “तेव्हा पण जराशी हलली. पहिल्यासारखी नाही, पण हलली. मी घाबरत घाबरत सांगितलं, तर हे हसायलाच लागले. किती दिवसांनी तसे हसले. म्हणाले, मापारी चुकला. सात पुरत नाही. आता बरा तावडीत सापडला.” मग आणखी अडीच इंच. तिसऱ्या शुक्रवारी ट्रेलर सरळ आला, अजिबात हलला नाही. त्या रात्री जेवताना त्याने ठरवलं होतं, रविवारी मला बोलवायचं. वहिनींकडून मटणाचं कबूलही करून घेतलं होतं. मध्ये फक्त शनिवार होता.

परतताना रिक्षात मी वही उघडली. शेजारचा माणूस वाकून बघत होता, बघू दिलं. माझी चूक सापडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. धुरा मागे सरकवला की धुरा, चाकं, पाटे यांचं वजनही मागे जातं, पंचेचाळीस किलो. ते मी जागच्या जागीच धरलं होतं. खाटेवर बसलेला माणूस खाटेबरोबर सरकतो, इतकी साधी गोष्ट. नव्याने मांडलं तर उत्तर नऊ इंच आणि वर थोडं येत होतं. दिगंबर वहीशिवाय तिथे पोचला होता.

मला बरं वाटायला हवं होतं. तो रागावून गेला नाही, त्याने माझं ऐकलं, ऐकून माझ्या पुढे गेला. पण बरं वाटत नाही, खोटं कशाला लिहू. पाचव्या दिवसापासून त्याला माहीत होतं की मी बरोबर होतो, आणि बाराव्या दिवसापासून, की मी चूक होतो. या दोन्ही गोष्टी त्याने माझ्यासाठी राखून ठेवल्या होत्या. मी एक फोन केला असता तर त्याला राहवलं नसतं, पहिल्या वाक्यातच सांगून टाकलं असतं. त्याने मला कसं चिडवलं असतं, कोणत्या शब्दांत, किती वर्षं... ते ऐकून घ्यायचं राहिलं. माणसं माफी मागायची राहिली म्हणून हळहळतात. माझा टोमणा खायचा राहिलाय.

माझी सुट्टी रविवारची असते, म्हणून गेल्या शुक्रवारी मी रजा टाकली. या वेळी गोण्या नाहीत, चारही होड्या चढवल्या. दोन वहिनींनी एकटीने चढवल्या. दांड्याखाली काटा ठेवला, बावीस किलो. मी जीप चालवायला बसलो, वहिनी न सांगता मागे तोंड करून बसल्या. आवारात काँक्रीटचा लांब पट्टा आहे, तिथे वीसने नेली, तीसने नेली, शेवटी चाळीसने.

“हलतेय?”

“नाही.”

“नक्की?”

“सरळ येतेय.”

मी वळवून पुन्हा नेली. पुन्हा विचारलं. पाच फेऱ्या झाल्यावर वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, सहाव्यांदा विचारलंत तर हलतेय म्हणून सांगेन.” मी गाडी थांबवली. त्या अजून मागेच बघत होत्या. मग म्हणाल्या, “त्या कर्जतवाल्याला मी नाही म्हणून कळवते.” ट्रेलरच्या कागदपत्रांचं काम मी हातात घेतलंय. ती होईपर्यंत आवाराबाहेर काढायचा नाही यावर आमचं एकमत आहे. वहिनींनी पोहण्याच्या शिकवणीची चौकशी केलीये. दिगंबरला ज्यांना पाण्यावर बसवायचं होतं त्या वयाच्या त्या आहेतच.

निघण्याआधी मी वही काढली. आमच्या तपासणीच्या कामात चुकलेला आकडा खोडरबराने पुसत नाहीत, गिरवतही नाहीत. त्यावर एक आडवी रेघ मारायची, चुकलेलं वाचता आलं पाहिजे अशी. शेजारी खरा आकडा लिहायचा आणि खाली दोन सह्या, एक तपासणाऱ्याची, एक वस्तू बनवणाऱ्याची. मी ‘सात इंच’वर रेघ मारली, शेजारी ‘साडेनऊ’ लिहिलं, माझी सही केली. दुसरी जागा आखून झाल्यावर पेन तसंच हातात राहिलं. वहिनी बघत होत्या. मी म्हणालो, “तुम्ही करा.”

त्यांनी वही मांडीवर घेतली. आखलेल्या जागेवर बोट ठेवून विचारलं, “ही त्यांची ना?” मी हो म्हणालो. ती जागा त्यांनी कोरीच ठेवली. तिच्या खालच्या ओळीत, सावकाश, शाळेतल्यासारख्या अक्षरात लिहिलं: ‘चारही वेळा मागे बसून पाहिले. शेवटच्या दोन वेळा हलली नाही.’ आणि त्याखाली आपलं पूर्ण नाव.